आर्नोकाठी कोल्हापूरकर

चार मित्र मिळून परदेशी गेले की गाव एकच असते, सहली मात्र चार निघतात. फ्लोरेन्समध्ये आमच्या प्राध्यापकांना रेनेसाँ पाहायचा होता. हिशेबनीसांना तो फुकटात पाहायचा होता. कोल्हापूरकराला काहीच पाहायचे नव्हते. जे दिसेल ते कोल्हापुरात आधीपासून कसे आहे, एवढेच सांगायचे होते. माझ्याकडे खोलीची किल्ली आणि भांडणे मिटवण्याचे खाते होते.

सुरुवात कॅथीड्रलच्या घुमटापासून झाली. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो उभारला, तोही जमिनीपासून सेंटरिंग न बांधता. थराथरांत मधूनमधून उभ्या विटा अशा अडकवल्या की चुना ओला असतानाही आडव्या विटा घसरू नयेत. ही माहिती प्राध्यापकांनी जिन्याच्या मध्यावर द्यायला घेतली. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, आणि घुमटाच्या दोन कवचांमधली वाट इतकी चिंचोळी की पुढचा व्याख्यानाला थांबला की मागे अख्खा युरोप खोळंबतो.

"सर, इतिहास वर गेल्यावर सांगा," हिशेबनीस धापा टाकत म्हणाले. "इथे आपलाच व्हायचा."

"जोतिबाच्या डोंगराला ह्याहून चढ हाय," असे म्हणून कोल्हापूरकर पायरीवर बसला.

डेव्हिडच्या दारात हिशेबनीस अडून बसले. आधीच्यांनी अर्धवट टाकलेल्या दगडातून मायकेलअँजेलोने १५०४ साली पुरा केलेला हा सतरा फुटी पुतळा १८७३ मध्ये चौकातून आत हलवला. त्याच्या जागी चौकात १९१० पासून नक्कल उभी आहे, आणि नदीपलीकडच्या टेकडीवर ब्राँझची आणखी एक. "म्हणजे तिघांपैकी दोघे फुकट," हिशेबनीस म्हणाले, "आणि आपण नेमके तिसऱ्याच्या रांगेत." कोल्हापूरकराने मात्र पुतळ्याला दोन फेऱ्या घातल्या आणि तालमीतल्या वस्तादाच्या नजरेने तो खालपासून वर न्याहाळला. "मांड्या बऱ्या हायत. पोट आत हाय. पण हा उजवा हात बघ, अंगाच्या मानानं केवढा! हातावर मेहनत केली, बाकी खुराक कमी पडला." उजवा हात खरोखरच प्रमाणाबाहेर मोठा आहे, हे प्राध्यापकांना कबूल करावे लागले. त्यांची दुपार तिथेच बिघडली.

भूक सहालाच लागली होती. हॉटेले उघडली साडेसातला. टेबलावर आधी पाव आला. टस्कनीतल्या पावात मीठ नसते. मिठाच्या करावरून जुन्या काळी भांडणे झाली आणि लोकांनी मीठच सोडले, अशी एक कथा सांगतात. भांडण मिटले, पाव तसाच राहिला. शेजारच्या टेबलावर किलोभर वजनाची, आतून लालच ठेवलेली गोमांसाची बिस्तेक्का आली, तेव्हा आम्ही चौघांनी एकदिलाने खिडकीबाहेर पाहिले. आमच्यासाठी रिबोलीता मागवली. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पालेभाजी यांचे हे गरगट्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून वाढतात. आपल्या घरच्या शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याला इटलीत असा मान आहे.

कोल्हापूरकराने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि खिशातून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली. वरच्या ऑलिव्ह तेलात चटणी उतरली, आणि बघता बघता वाडग्याच्या कडेने लालभडक कट फिरला. कुणी डेव्हिडलाच रंग फासत असावे, अशा चेहऱ्याने वेटर लांबून पाहत होता.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी आकार निघाला. "बसण्याचे पैसे?" हिशेबनीस हादरले, आणि वसुलीसाठी टोपलीतला उरलेला बिनमिठाचा पाव कोरडाच चावत बसले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "चल, तुला एक जागा दाखवतो," असे कोल्हापूरकराला म्हणत ते आम्हाला कास्सिने बागेत घेऊन गेले. बाग नदीच्या कडेने तीन किलोमीटरहून लांब, आणि जागा तिच्या पार पश्चिम टोकाला. तिथे छत्रीखाली फेटा बांधलेला, दागिने ल्यालेला एक तरुण अर्धपुतळा होता: कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात ते इथेच वारले. वय जेमतेम वीस. दहनाची चाल इटलीत नव्हती, म्हणून खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर अंत्यविधी झाला. १८७४ मध्ये हे स्मारक उभे राहिले. शेजारचा मोठा पूलही आज 'इंदियानो'च्या, म्हणजे या हिंदी माणसाच्याच नावाने ओळखला जातो.

कोल्हापूरकराने बूट काढले, वाकून मुजरा केला आणि बराच वेळ गप्प राहिला. प्राध्यापकांना वाटले, सुटलो. पण बूट घालून झाल्यावर त्याने आमच्याकडे असे पाहिले, की पुढच्या सगळ्या सहलीचा निकाल तिथेच लागला.

त्या रात्री त्याने हॉटेलचे दार ढकलून आम्हाला आत घेतले, खुर्च्या ओढून दिल्या, वेटरच्या पाठीवर थाप मारली. "बसा, लाजू नका. पाव घ्या. आपलंच गाव हाय."

हिशेबनीसांनी मेनूतली सर्वांत महाग ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवले. "गाव तुझं, म्हणजे आम्ही पाहुणे. आजचं बिल तुझं. कोपेर्तोसकट."