अडत दोन्हीकडून

कारंजा लाड आज वाशिम जिल्ह्यात मोडतं, पण बाजाराच्या इतिहासात त्याचा पत्ता वऱ्हाडचाच. देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ साली तिथं सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. इंग्रजाला शेतकऱ्याचा पुळका आला होता असं कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस रास्त भावात हवा होता, एवढंच. पण मधल्या माणसाला लगाम घालणारा कायदा उरलेल्या देशाआधी आपण पाहिला हे खरं. पुढे नियंत्रित बाजारांत उघड लिलाव आला आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत मोडीत निघाली.

आणि अशा मुलखातला माणूस आपल्या आवडीची संकेतस्थळं फेसबुकवर ‘फॉलो’ करून निर्धास्त झोपतो. कमाल आहे की नाही, बाप्पा!

त्याची समजूत अशी, की पान लाइक केलं म्हणजे तिथं निघेल ते आपल्याकडे येणार. येत नाही. ते बटण म्हणजे नुसता अर्ज. तो मंजूर करायचा की नाही, हे दर पोस्टला कंपनीचं गणित नव्यानं ठरवतं, आणि ठरवतं तेही रुमालाखाली. बोटं किती दाबली हे लिहिणाराही सांगू शकत नाही, वाचणारा तर नाहीच.

पावसाळ्याच्या तोंडावर याची गंमत बघावी. हवामान खात्याचं नागपूर केंद्र विदर्भासाठी तातडीचा अंदाज देतं : पुढच्या तीन तासांत अमुक जिल्ह्यांत विजांसह पाऊस. ज्या इशाऱ्याचं आयुष्यच तीन तासांचं, तो आपल्या फेसबुकवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतो. बाहेर अकोल्याचं ऊन मी म्हणत असतं आणि फोन सांगत असतो, झाडाखाली थांबू नका. भावांचं तेच. ‘आजचे तूर भाव’ म्हणून मंगळवारी टाकलेली पाटी शुक्रवारी दिसते. ‘आजचे’ हा शब्द तसाच. खाली कोणीतरी विचारतं, “भाऊ, हे भाव कवाचे?” उत्तर कोणी देत नाही. पण प्रश्न पडले, चार जणांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, की गणिताला वाटतं पोस्ट रंगली, आणि ते ती शिळी पाटी आणखी लोकांपुढे सरकवतं. त्यांच्यातले काही पुन्हा विचारतात, “कवाचे?”

यात चोरून काही चाललेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीरच केलं होतं, की मित्र आणि नातेवाईक आधी, पानं मागाहून. म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून मंगळवार-शुक्रवारी निघणारा हवामान सल्ला मागे आणि साळ्याच्या पोराच्या जावळाचे फोटो पुढे. ज्यांना फवारणी करायची आहे त्यांनी जावळ बघून ठरवावं.

आता अडतीचं बघा. पान चालवणाऱ्याला कंपनी म्हणते, तुमची पोस्ट तुमच्याच फॉलोअरांपर्यंत न्यायची आहे? मग बूस्ट करा, पैसे भरा. वाचणाऱ्याच्या पुढ्यात दर चार पावलांवर जाहिरात. अडत शेतकऱ्यानं द्यायची की खरेदीदारानं, यावरून जुलै २०१६ मध्ये राज्यातल्या बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. इथं ती दोघांकडून कापली जाते आणि कोणी चकार शब्द काढत नाही. शेअर करायची हमालीही आपणच करतो, फुकट.

यावर तोड आहे, आणि ती १९९९ पासूनची जुनी आहे : आरएसएस फीड. (नागपूरच्या संघटनेशी संबंध नाही. विदर्भात याचा प्रचार करणाऱ्याला पहिली दहा मिनिटं हेच सांगण्यात घालवावी लागतात.) संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका साध्या फाइलीत लिहून ठेवतं : मथळा, दुवा, वेळ. आपल्या फोनवरचं फीडली किंवा इनोरीडरसारखं ॲप अधूनमधून ती फाइल उघडून बघतं आणि नवं काही असलं तर पुढ्यात आणून ठेवतं, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं. तीन तासांच्या इशाऱ्याला हेही कधीमधी उशीर करेल, पण मजकुराशेजारी वेळ लिहिलेली असते, त्यामुळे ‘कवाचे’ विचारायची पाळी येत नाही. आणि यादी वाचून झाली की संपते. खाली अंगठा सरकवला तरी काही येत नाही! सवय नसलेल्या माणसाला पहिल्यांदा फोन बिघडला असंच वाटतं.

इतकी सोय होती तर गेली कुठं? फीड वाचायचं गूगल रीडर गूगलनं १ जुलै २०१३ ला बंद केलं. त्याच्या आदल्याच महिन्यात ट्विटरनं आपल्या फीडचा दोर कापला. २०१५ मध्ये फेसबुकनं पानांची फीड काढून घेतली, २०१८ च्या डिसेंबरात फायरफॉक्सनं ब्राउझरमधली सोय उचकटली. जी वस्तू संपते तिच्यात जाहिराती किती खुपसणार? मजा अशी, की ज्या सरकारी संकेतस्थळांना आपण जुनाट म्हणून हसतो त्यांनी फीड सोडली नाही. पत्र सूचना कार्यालय फीड देतं, रिझर्व्ह बँक देते. यूट्यूबच्या वाहिन्यांनाही फीड आहे, फक्त ती कुठं आहे हे यूट्यूब सांगत नाही. आणि रोज पॉडकास्ट ऐकणारी मंडळी तर बहुतेक वेळा फीडवरच जगत असतात, त्यांना ते माहीत नसतं एवढंच.

फीडच्या भक्तांनी फार उड्या मारू नयेत. ही मंडळी उत्साहाच्या भरात साठ-सत्तर संकेतस्थळं भरतात, महिन्यात न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो, मग ‘सगळं वाचलं’ हे बटण दाबून पापक्षालन. शिवाय मोर्शी-दर्यापूरकडचे कितीतरी चांगले लिहिणारे फक्त फेसबुकवरच लिहितात. ज्याला संकेतस्थळच नाही, त्याची फीड कुठून आणणार? व्हॉट्सॲपचे चॅनेल त्यातल्या त्यात बरे, मजकूर क्रमानं येतो. पण दुकानाचा मालक तोच. तिथलं तराजू उद्या बदललं तर तक्रार कुठल्या समितीकडे न्यायची?

करून बघायचं असेल त्यानं आपल्या आवडीचं एखादं स्थानिक बातम्यांचं संकेतस्थळ घ्यावं आणि पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून ‘फीड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावा. वर्डप्रेसवर बांधलेलं असेल, आणि पुष्कळ असतात, तर मालकानं मुद्दाम बंद केली नसल्यास यादी समोर येते. मालकाला विचारू नये. तो म्हणेल, आमच्याकडं तसलं काही नाही राजेहो, आमचं पेज लाइक करा.