आत्या, वाढपी आणि रोमच्या तिसऱ्या

रोम, 18 मे

ती. आई व ती. बाबांस,


आत्या मजेत आहे. काल फोनवर तिने "जेवले हो, बरं होतं" एवढंच सांगितलं म्हणून तुम्ही काळजीत पडलात, तेव्हा खरं काय झालं ते कळवते.

तिला आम्ही इथल्या त्रात्तोरियात जेवायला नेलं. त्रात्तोरिया म्हणजे घरगुती वळणाची खाणावळ. रोममधल्या जुन्या खाणावळी वारावर चालतात. गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याचे मऊ गोळे, शुक्रवारी मासळी आणि शनिवारी वजडी. हल्ली सगळेच पाळत नाहीत, पण आमच्या टेस्टाच्चोत अजून चालतं. शहराचा कत्तलखाना 1975पर्यंत याच वस्तीत होता, त्यामुळे आतडी-शेपटी शिजवण्यात इथल्या बायकांचा हात कोणी धरत नसे. निखिल पडला कोल्हापूरचा, त्याला शनिवार हवा होता. आत्याने वार ऐकले आणि शुक्रवार ठरवून टाकला. विचारलं कोणालाच नाही.

आत्याला सातला पान लागतं, खाणावळ उघडते साडेसातला. त्याआधी वाढपी, आचारी सगळे आत बसून स्वतः जेवून घेतात. आत्या काचेपलीकडून त्यांच्या ताटांत अशी बघत राहिली की शेवटी म्हाताऱ्या वाढप्याने तोंड पुसत पाच मिनिटं आधीच दार उघडलं.

आमच्या ओवीने काचो ए पेपे घेतलं. लांब शेवया, मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज आणि मिरी, संपलं. लोणी नाही, साय नाही. शेवया उकडल्या त्याच पिठूळ पाण्यात चीज घोटून ते मिळून आणायचं, आणि आच जरा जास्त झाली की गुठळ्या. रोमला मिरीची चटक मलबारने लावली. प्लिनी नावाच्या इथल्या पंडिताने पहिल्या शतकातच कुरकुर लिहून ठेवलीय, की हिच्यात तिखटपणाशिवाय काही नाही आणि तेवढ्यासाठी लोक थेट हिंदुस्थान गाठतात. निखिलने हे आत्याला ऐकवलं. "एवढं होतं तर खायची नव्हती," आत्या म्हणाली.

आम्ही तिघांनी स्पगेत्ती वोंगोले मागवली. बाबा, वोंगोले म्हणजे आपल्या तिसऱ्या! ऑलिव्ह तेल, लसूण, पांढरी वाइन, वरून कोथिंबिरीसारखा दिसणारा पार्स्ली. आत्याने पहिली तिसरी उचलून उजेडात धरली. "दोन्ही शिंपा तशाच ठेवल्यात. आळशी मेले!" मालवणात एकशिपी करताना रिकामी शिंप टाकून देतात ना, तेवढे कष्ट इथे घेत नाहीत. वाळू मात्र कणभर लागली नाही, ते तिने दोनदा तपासून कबूल केलं. मग काटा बाजूला ठेवून ती हाताने जेवली. वाढप्याची हरकत नव्हती, शेजारच्या टेबलावरचे आजोबाही तेच करत होते.

हरकत निघाली ती आपल्या जावयावर. निखिलने खिशातून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली. वाढप्याने ती हळूच उचलली, वास घेतला, डोळे पुसले आणि गल्ल्यावर नेऊन ठेवली. बिलाबरोबर परत मिळाली. मग निखिलने वोंगोलेवर किसलेलं चीज मागितलं. वाढप्याने मान हलवली. निखिल म्हणाला, पैसे देतो. वाढप्याने आणखी जोरात हलवली. मासळीवर चीज इथे पाप आहे. हे आत्याला कोणी सांगितलं नव्हतं, इटालियन तर तिला "ग्रात्सिए"पलीकडे येत नाही. तरी ती ताडकन म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. तिसऱ्यांवर चीज? घरात असं मागितलं असतंस तर ताट उचललं असतं मी!" वाढप्याला शब्द कळला नसेल, सूर कळला. त्याने तिला कमरेत वाकून "सिन्योरा" म्हटलं. त्यानंतर आमची विचारपूस बंद. पुढे काय आणायचं ते तो आत्याच्या तोंडाकडे बघून ठरवत होता.

शेवटी पावाचे पैसे बिलात लागले. न मागवलेल्या पावाचे पैसे आत्याला पटेनात. पण बशीतला सगळा रस तिने त्याच पावाने निपटला होता, म्हणून सोडून दिलं.

आई, तू माळ घातल्यापासून तुझी इथे जरा पंचाईत आहे. बहुतेक प्रसिद्ध पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं, आणि पेकोरीनो रोमानो विरजायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. म्हणजे काचो ए पेपेही बाद. तुझ्यासाठी टोमॅटोची साधी स्पगेत्ती, चीज न घालता. वाढप्याला आत्या सांगेल.

आणि बाबा, स्वस्त मिळतंय म्हणून ऑगस्टचं तिकीट काढू नका. 15 ऑगस्टच्या आसपास इथे खाणावळवाले कुलूप लावून समुद्रावर जातात. ऑक्टोबरात या, येताना आमसुलं आणा.

तुमची,
मनू