चार महिन्यांत निकाल!

तुम्ही काही नवीन शोधून काढलं असेल तर आधी अभिनंदन, मग सांत्वन. पेटंटचा कागद हातात पडला की लोक तो फ्रेम करून केबिनमध्ये लावतात, पेढे वाटतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात. १९७० चा पेटंट कायदा मात्र कोणी उघडून बघत नाही. त्याच्या तेराव्या कलमात सरकारने स्वच्छ लिहून ठेवलंय की आम्ही तपासून पेटंट दिलं, याचा अर्थ ते वैध असल्याची हमी दिली असा नाही. फी घेणार, शंका काढणार, शिक्का मारणार आणि वर हात झटकणार!

कोणी नक्कल केली तर पोलीस ठाण्यात जाऊ नका. बनावट ट्रेडमार्कच्या मालावर छापा पडतो. पेटंट मोडणं हा फौजदारी गुन्हाच नाही. दिवाणी दावा लावायचा. दिवाणी म्हणजे काय, ते बांधावरून भांडलेल्या कुठल्याही घराण्याला विचारा.

किंवा पुण्याच्या बजाज ऑटोला विचारा. छोट्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवायचे, म्हणजे इंधन दोन ठिकाणी पेटतं आणि नीट जळतं, ही त्यांची ‘डीटीएस-आय’. पल्सरवर ती अक्षरं मिरवत अख्खी एक पिढी कॉलेजला गेली. (त्यांचा अर्थ किती जणांना ठाऊक होता, ते सोडा.) अर्ज १६ जुलै २००२ चा, पेटंट मिळालं २००५ मध्ये. २००७ मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही मोटारसायकल दाखवली. तिच्यातही दोन प्लग! बजाजने बोट दाखवलं, तर टीव्हीएसनेच कोर्ट गाठलं: हे आम्हाला विनाकारण धमकावतात. कायद्यात तशीही सोय आहे. मग बजाजचा दावा आला आणि मद्रास उच्च न्यायालयात दोघांची जुंपली.

फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजला अंतरिम मनाई हुकूम मिळाला. टीव्हीएसने एका प्लगची फ्लेम बाजारात सोडली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. टीव्हीएसचं म्हणणं, आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह तीन आहेत, तेव्हा हे इंजिनच वेगळं. प्लग मोजायला बसलेलं भांडण व्हॉल्व्ह मोजू लागलं.

सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा धीर सुटला. असले खटले नुसत्या तात्पुरत्या मनाईवरच वर्षानुवर्षं लढले जातात, निकाल साधारणपणे चार महिन्यांत लागला पाहिजे, असं न्यायालयाने बजावलं. टीव्हीएसने गाड्या विकाव्यात, हिशेब ठेवावा; आणि दावा रोजच्या रोज ऐकून ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढावा.

दावा मिटला ऑक्टोबर २०१९ मध्ये. तोही दोन्ही कंपन्यांनी आपसात बसून मिटवला.

बजाजचं ठीक आहे, वकिलांची फौज पोसायची ताकद आहे. भोसरीत चार लेथ टाकून बसलेल्याने काय करावं? पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावावा. समोरचा लगेच ‘याचं पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा टाकतो, की कायद्यानुसार प्रकरण निघालं मुंबईला, उच्च न्यायालयात. नक्कल करणारा प्रतिवादी राहतो बाजूला, आणि शोध खरोखर आपलाच होता हे शोध लावणारा सिद्ध करत बसतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शोध लावणारा शहाणाच असतो, तिथेच सगळी पंचाईत होते. आता व्यापारी न्यायालयं आली आहेत, दिल्ली उच्च न्यायालयात २०२१ पासून बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभागही आहे. आशा ठेवायला हरकत नाही. फक्त ती ठेवताना कॅलेंडर समोर असू द्या.

कारण पेटंटची वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून धावू लागतात आणि कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाहीत. डीटीएस-आयची मुदत जुलै २००२ पासून मोजा: तडजोड झाली तेव्हा जेमतेम पावणेतीन वर्षं उरली होती. दरम्यान पेटंट जिवंत ठेवायचं तर सरकारला वार्षिक शुल्क भरावं लागतं, आणि ते टप्प्याटप्प्याने वाढत जातं. ते चुकलं, तर सरकार फार तर सहा महिने थांबतं, तेही जादा पैसे घेऊन.