डॉक्टरांची गाडी

जुन्या छोट्या गाड्यांच्या बाजारात वैद्यकीय पेशाला मिळणारा मान पाहून ऊर भरून येतो. विकायला निघालेली प्रत्येक दुसरी अल्टो 'डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल ओनर' असते आणि दहा वर्षांत जेमतेम ३८,००० किलोमीटर चाललेली असते. डॉक्टर घराबाहेर पडतच नाहीत, हे यावरून सिद्ध होते. व्हिजिटला कोणी का येत नाही, तेही कळते.

काही खवचट गिऱ्हाइके मात्र वाकून पाहतात. क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत का, सीट का खचली? शिवाय २०१४च्या गाडीला '२३१८'चे, म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातले टायर कसे? पण डॉक्टर मंडळी हातमोजेही एकदाच वापरतात, मग टायरचे काय घेऊन बसलात! सर्व्हिसच्या वहीत २०१९ सालीच ९१,००० किलोमीटरची नोंद आहे, हा आक्षेप जरा वजनदार. तरी उत्तर सोपे आहे: तेव्हा गाडीला ताप होता, आता उतार पडला. आरटीओनेही नोंदणीची १५ वर्षे कॅलेंडरऐवजी मीटरवरून मोजावीत. म्हणजे दर विक्रीला गाडी तरुण होत जाईल आणि शून्यावर पोचली की थेट शोरूममध्ये ठेवता येईल.

मेकॅनिकला पाचशे रुपये देऊन गाडी दाखवून घ्यावी, असे कोणी सुचवतात. डॉक्टरांच्या शब्दावर मेकॅनिकचे सेकंड ओपिनियन? गिऱ्हाईक निमूट पैसे मोजते. तीन वर्षांनी तीच अल्टो विकायला काढताना तलाठी कार्यालयात कारकून असलेले ते गिऱ्हाईकही जाहिरातीपुरते एमबीबीएस होते.