बंदी घातली असती तर बरं

ब्रेक्झिटने कलेवर बंदी घातली, असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. बंदी असती तर मोर्चा काढता आला असता, निषेधाची सभा घेता आली असती, गेलाबाजार हुतात्मा तरी होता आलं असतं. इंग्लंडमधल्या एका छोट्या ऑर्केस्ट्राचे दौरे जुळवायची माझी नोकरी. मला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. सगळे हसून ‘हो’ म्हणतात आणि एक फॉर्म पुढे सरकवतात.

चेलोचंच घ्या. वादकाने तो स्वतःबरोबर नेला तर त्याला कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेण्याचं जकातीचं कागदपत्र, लागत नाही. तोच चेलो एकटा ट्रकमधून निघाला, की कार्नेची वही आली. तीत वाद्याचं नाव, वजन, किंमत, मूळ देश. आणि शिक्के निघताना, पोचताना, परत निघताना, घरी आल्यावर. आम्ही चेलो परदेशात विकून आलो नाही, एवढं सिद्ध करायला. डबल बास काखोटीला मारून नेणारा वादक मी अजून शोधते आहे.

व्हायोलिनच्या जुन्या गजाच्या टोकाला नखाएवढं हस्तिदंत असेल, तर वन्यजीवांच्या व्यापारासाठीच्या साइटीस (CITES) कराराचं प्रमाणपत्र वेगळं. त्यावर शिक्का मारणारी बंदरं ठरावीकच, म्हणून दौऱ्याचा रस्ता कंडक्टर ठरवत नाही, शंभर वर्षांपूर्वी मेलेला हत्ती ठरवतो.

साडेतीन टनांवरचा ब्रिटिश ट्रक युरोपात पहिल्या मुक्कामानंतर आणखी दोनच ठिकाणी माल नेऊ शकतो. मग त्याने घरी यायचं. त्यामुळे आमचे दौरे हल्ली तीन गावांचे असतात. कार्यक्रमपत्रिकेत आम्ही त्याला ‘निवडक’ म्हणतो.

माणसांना शेंगेन भागात १८० दिवसांत ९० दिवस. त्यात स्पेनला ऊन खात घालवलेला आठवडाही धरतात, म्हणून आमच्या सोप्रानोने यंदा सुट्टी इंग्लंडातल्याच कॉर्नवॉलला काढली. पाऊस होता. शिवाय कामाच्या परवान्याचे नियम देशागणिक निराळे. फ्रान्स कार्यक्रमांसाठी ९० दिवसांपर्यंत तो मागत नाही. स्पेनला छोट्या दौऱ्यांवरची अट काढायला नोव्हेंबर २०२१ उजाडावा लागला.

दोष कुणाचा? ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत युरोपने कलाकारांसाठी प्रस्ताव ठेवला, तो ब्रिटनने नाकारला. ब्रिटनने ठेवला, तो युरोपने. सोयरीक फिसकटल्यावर दोन्हीकडची मंडळी सांगतात तसं दोघंही सांगतात, आम्ही तर तयारच होतो! तसं २०१७ मध्येही लीड्स, डंडीसारख्या ब्रिटिश शहरांनी २०२३ च्या ‘युरोपियन सांस्कृतिक राजधानी’साठी अर्ज भरले, आणि भरून झाल्यावर त्यांना कळवलं गेलं की ब्रेक्झिटमुळे तुम्ही पात्र नाही. मला याचं विशेष वाटलं नाही. अर्ज निदान भरून झाले होते.

खरं दुखणं टी-शर्टचं. कार्ने परत येणाऱ्या वस्तूंसाठी असतं. विकायच्या मालाची जकात निराळी, व्हॅट निराळा. मैफल रंगली तर टी-शर्ट खपतात आणि कर भरायचा; पडली तर ते उरतात आणि परत आणायचे कागद करायचे. मध्यम दर्जाच्या मैफलीत दोन्ही.

मे २०२५ मध्ये लंडनला ब्रिटन आणि युरोप या दोन्ही बाजू पुन्हा बोलणी करायला बसल्या आणि दौऱ्यावरच्या कलाकारांचं मोल त्यांनी संयुक्त दस्तऐवजात मान्य केलं. तो मी छापून ट्रकवाल्याजवळ दिला. बंदरावरच्या अधिकाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचला, छान आहे म्हणाला, आणि कार्नेची वही मागितली.