टी-के-वाय-यू-के जिल्हा

विहित नमुन्यातला अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मोबाइलवर उघडला, तर जिल्ह्याच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं : टी, के, वाय, यू, के. घाबरू नका, हे जालनाच आहे. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'ज'साठी टी दाबतात, 'ल'साठी वाय, 'न'साठी यू आणि कान्यासाठी के. म्हणजे त्या फाइलीत मराठीचं एक अक्षरही नसतं. इंग्रजीच्या तोंडावर देवनागरी मुखवटा चढवलेला असतो, आणि मुखवटा राहतो ऑपरेटरभाऊंच्या पीसीत.

मग जिल्ह्यातल्या मंठ्याच्या शेतकऱ्याने काय करायचं? सेंटरवर जाऊन प्रिंट काढायची, पेनाने भरायची, फोटो पाठवायचा. कचेरीत अर्ज पुन्हा टाइप होतो. अर्थातच कृतिदेवमध्ये. याला पेपरलेस म्हणतात.

जालना जिल्हा झाला 1981 मध्ये. दहाच वर्षांत, 1991 मध्ये, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीच्या, पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या फाइल-स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक करायला भारताने ठणकावून विरोध केला (मानक झालंच, ते सोडा). 2010 मध्ये दिल्लीने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरणही काढलं. धोरणाला दिल्लीहून जालन्यापर्यंत यायला बहुधा थेट गाडी नसावी.

कचेरीतल्या एका टेबलावर विचारलंच, "युनिकोड का नाही?"

"त्यात वळण बरोबर येत नाही हो भाऊ. साहेबांना कृतिदेवच लागतं."

ते साहेब केव्हाच परभणीला बदलून गेलेत.