हिरव्या टोमॅटोंचं पथ्य

टोमॅटोच्या झाडाला दिनदर्शिका कळत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या मूळ मुलखात ते वर्षानुवर्षं जगतं, त्यामुळे मरण ही गोष्ट त्याने कधी हिशेबात धरलेलीच नसावी. इथे जॉर्जियात ऑक्टोबर सरत आला, रानं तांबूस झाली, घरोघरच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले, तरी हे आपलं नवी पिवळी फुलं काढतच असतं. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी टीव्हीवरचा हवामानवाला सांगतो, की आज रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार. अंधार पडायच्या आत आमच्या गल्लीतली बागवेडी मंडळी बादल्या, टोपल्या, कुणी नुसताच टीशर्टाचा ओचा धरून परसात उतरतात. सकाळी झाडं काळी पडून माना टाकतात आणि स्वयंपाकघरात हिरव्या, कडक, जगाचं अजून काहीच न पाहिलेल्या टोमॅटोंचा ढीग पडलेला असतो.

त्यातले जे जरा वयात आलेले असतात, ते वर्तमानपत्रात गुंडाळून एखाद्या सफरचंदाच्या संगतीत ठेवले की सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने हळूहळू लाल होतात. वाईट संगतीने बिघडलेले पुष्कळ ऐकले होते, चांगल्या संगतीने पिकलेले हे एवढेच. पण उरलेले कोवळे टोमॅटो कशालाच बधत नाहीत. महिनाभर ठेवले तरी लाल होत नाहीत, नुसते सुरकुततात. पिकण्याचं वय मध्येच गाळून एकदम म्हातारपणात शिरणाऱ्या या जिवांबद्दल मला उगाचच माया वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेने त्यांच्यासाठी एक सद्गती शोधून ठेवली आहे. जाडसर चकत्या करायच्या, ताकात बुडवायच्या, मक्याच्या भरड पिठात घोळवायच्या आणि बिडाच्या तव्यात बोटभर तेलात तळून काढायच्या. कोकणातल्या माणसाला यात नवल काही नाही. वांग्याचे, सुरणाचे, नीरफणसाचे काप तांदळाच्या पिठात नाहीतर रव्यात घोळवून आपण तेच करत आलो. नवल आहे ते या पदार्थाच्या खानदानाचं.

अलाबामात बर्मिंगहॅमला लागून आयर्नडेल नावाचं गाव आहे. तिथे रेल्वेरुळांशेजारी फॅनी फ्लॅग या लेखिकेच्या नात्यातल्या एका आजीचं साधं कॅफे होतं. त्यावरून सुचलेली तिची कादंबरी 1987 साली आली, तळलेले हिरवे टोमॅटो थेट शीर्षकात घेऊन. 1991 मध्ये त्यावर सिनेमा निघाला. त्याचं बरंचसं चित्रीकरण आमच्या जॉर्जियातल्या ज्युलिएट नावाच्या निपचित खेड्यात झालं. सिनेमावाले गेले, पण तिथल्या एका जुन्या दुकानात खरोखरीचं कॅफे सुरू झालं आणि लोक गाड्या काढून टोमॅटो खायला येऊ लागले. बघता बघता हा पदार्थ दक्षिणेची पिढीजात ओळख होऊन बसला. पुढे रॉबर्ट मॉस या खाद्य-इतिहासकाराने जुनी वर्तमानपत्रं आणि पाककृतींची पुस्तकं चाळली, तर दक्षिणेत याचा फारसा मागमूस लागेना. सापडला तो उत्तरेकडच्या आणि मध्य-पश्चिमेच्या स्वयंपाकघरांत, अगदी 1919 सालच्या एका ज्यू पाककृतींच्या पुस्तकातही. विचार केला तर हे रास्तच आहे. जिथे थंडी लवकर, तिथे हिरवे राहिलेले टोमॅटो जास्त.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या आजींना सांगितलं. त्यांचा जन्म इथलाच, आणि त्यांच्या हाताखालचा तवा त्यांच्याहून जुना. त्यांनी काप उलटला, तव्याकडेच बघत म्हणाल्या, “त्या पुस्तकवाल्याला कुणी जेवायला बोलावत नसेल.” मी पुढे बोलले नाही. समुद्र ओलांडून आलेल्या टोमॅटोचं सार आपल्या घरी सणावारी इतक्या अधिकाराने ताटात येतं की त्याला गाव विचारायची आपलीही छाती होत नाही.

आजींच्या तव्यापाशी उभं राहणं हे मात्र मोठं शिक्षण आहे. तेल साधारण 180 अंश सेल्सियसला आलं की त्या पहिला काप सोडतात. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. त्याची क्षणात वाफ होते आणि ती बाहेर धाव घेते. तळणाचा तो चर्र आवाज आणि बुडबुडे म्हणजे पळून जाणारं पाणी. गंमत अशी, की जोवर वाफ बाहेर येत असते तोवर ती तेलाला दारातच अडवून धरते. तेल खरं आत शिरतं ते बरंचसं काप बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवते, तिथे पोकळी होते, आणि पृष्ठभागावरचं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणजे आपण ताटली समोर घेऊन तोंडाने फुंकर घालत “जरा निवू दे” म्हणतो, नेमका तेव्हाच घात होत असतो. आयुष्यभर तळण्याला दोष दिला. खरा अपराधी धीर होता.

मग आमच्या घरी रक्ताचा अहवाल आला. नवऱ्याचा. त्यात एक चांगलं कोलेस्टेरॉल होतं, एक वाईट, आणि वाईटाची सरशी झाली होती, जशी ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोजच होते. तळण बंद झालं. हिरव्या टोमॅटोंना ओव्हनचा रस्ता दाखवण्यात आला. ओव्हनमधल्या पथ्याच्या पाककृती फार गोड बोलतात. “चवीत अजिबात फरक पडत नाही” हे वाक्य त्यांत इतक्या वेळा येतं, की फरक पडतो हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं. फरक पडतो. तेल उष्णता कापाच्या कानाकोपऱ्यात क्षणात पोचवतं. कोरडी हवा त्या कामात मंद, सरकारी. तिला जे जमतं ते वीस-पंचवीस मिनिटांत, आणि तेही तिला 425 अंश फॅरेनहाइटचा धाक घातल्यावर. भाजलेल्या कापाचा कुरकुरीतपणा टोस्टच्या कुळातला. त्यात तळणीचा तो सोनेरी उद्धटपणा नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तेलाचं पांघरूण गेलं की हिरव्या टोमॅटोचा आंबटपणा एकदम लख्ख उघडा पडतो, आणि तो आंबटपणा सुरेख आहे. दाण्याचं कूट घालून केलेली हिरव्या टोमॅटोची चटणी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

मला खरी चुटपुट लागली ती निराळ्याच गोष्टीची. ओव्हनला आवाज नाही. आमच्या लहानपणी आई भज्यांना बसली, की पहिल्या घाण्याच्या चर्रबरोबर सगळं घर न बोलावता स्वयंपाकघरात जमायचं. वडील पेपर हातात घेऊनच यायचे, जणू पेपर वाचायची जागा तीच. आत्या दारात टेकायची, आम्ही भावंडं कढईपासून हातभर अंतरावर, कारण त्याहून जवळ आलो की झारा उगारला जायचा. कांद्याची, बटाट्याची, मग उरलेल्या पिठात ओव्याची पानं. घाणा निघायचा आणि ताटली खाली टेकायच्या आत संपायचा. घरातले सगळे वाद त्या कढईच्या काठावर मिटले किंवा निदान तोंडं भरलेली असल्यामुळे थांबले. ओव्हनने हे सगळं बंद केलं. तो कोपऱ्यात पिवळा दिवा लावून आपलं काम करतो. त्याच्याभोवती कोण जमणार आणि कशासाठी? आरोग्य ही फार शांत गोष्ट आहे. तिच्याकडे कुणी धावत येत नाही.

असं मी बरेच दिवस म्हणत राहिले. मग एका थंडीत आई इथे होती. बागेतले शेवटचे टोमॅटो उतरवलेले, बाहेर अंधार, ट्रे ओव्हनमध्ये. आई सवयीने पदर खोचून उभी राहिली. उलटायला काही नाही, काढायला काही नाही. थोड्या वेळाने घंटी वाजली, सगळे काप एकदम बाहेर आले आणि एकदम टेबलावर गेले. आई अजून उभीच. मी म्हटलं, “आई, बस ना. झालं सगळं.” तिने ओट्याकडे वळून पाहिलं, खरंच काही राहिलं नव्हतं, मग बसली. पहिल्यांदाच तिच्या पानात आमच्या पानांइतकेच गरम काप होते. तेव्हा माझ्या डोक्यात तो जुना जमाव पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी मी तो मोजून पाहिला. वडील, आत्या, आम्ही सगळे खात होतो. आई तळत होती. शेवटच्या घाण्याला आम्ही पोटं धरून अंगणात गेलेलो असायचो आणि तिच्या वाट्याला कढईच्या तळाशी राहिलेला चुरा, तोही गार. आम्हाला ते सुख वाटत होतं, कारण आम्ही कढईच्या या बाजूला होतो. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला चुराच आवडायचा.” हे खरं असेलही. पण त्या रात्री तिने ओव्हनमधले पाच काप खाल्ले आणि “मीठ कमी पडलं” असा शेरा मारून सहावा घेतला.

शेजारच्या आजींच्या तव्याची सर या टोमॅटोंना नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तरीही हिरवे टोमॅटो हाती लागले तर एकदा भाजून पाहा. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचे काप करा, मीठ लावून पाव तास फडक्यावर पसरा म्हणजे पाणी सुटेल, मग टिपून ताकातून मक्याच्या पिठात. ट्रे आधीच तापवून तेलाचा हात फिरवलेला असू द्या, काप एकमेकांना चिकटू देऊ नका, निम्म्या वेळाने एकदा उलटा. मीठ आईच्या सांगण्याप्रमाणे चिमूटभर जास्तच घाला. आणि घरात जी व्यक्ती नेहमी शेवटी जेवते, तिचं पान आधी मांडा.